निळी वडी खाल्लेली दोन कुत्री

निवृत्त झाल्यापासून मला दुपारी झोप लागते. बायकोला याचं अजून नवल वाटतं, कारण नोकरीत असताना माझी दुपार कायम कुणाच्या तरी गोठ्यात जायची. आता जेवण झालं की मी ओसरीवरच्या बाजेवर आडवा होतो. तेलगावच्या बाजूला आमचं घर आहे आणि समोर कापसाचं रान आहे. वेचणीच्या दिवसांत ते पांढरं रान बघता बघता डोळे कधी मिटतात ते कळत नाही.

आणि मग जनावरं यायला लागतात. अडलेल्या गाई, पोट फुगलेल्या शेळ्या, शिंग मोडलेला एखादा बैल. खऱ्या दवाखान्यात कधी लागली नाही अशी शिस्तीची रांग लावून ती अंगणात उभी राहतात. सगळ्यांत शेवटी एक तांबडं कुत्रं येतं आणि अंगणाच्या उंबऱ्याबाहेर बसतं. बरीच वर्षं येतंय. मला त्याला आत बोलवायचं असतं, पण त्याचं नाव मला माहीत नसतं. नुसतं 'यू यू' केलं तर ते जागचं हलत नाही. माझ्याकडं बघत राहतं, मग मला जाग येते आणि चहाची वेळ झालेली असते.

या दिवाळी अंकासाठी 'नोकरीतले अनुभव लिहा' असं सांगणं आलं, तेव्हा मी मनात म्हटलं, बदल्या आणि बढत्या कोण वाचणार! मी आपला या तांबड्या कुत्र्याबद्दल लिहितो. त्याच्याबद्दल लिहायचं तर चांद्याबद्दलही लिहावं लागेल. दोघांनी एकच चीज खाल्ली होती.

आधी माझं काम सांगतो. मी पशुधन पर्यवेक्षक होतो. पदवीवाले डॉक्टर तालुक्याला असतात, खेड्यातल्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात आम्ही असतो. लसी टोचायच्या, जखमा बांधायच्या, आणि अवघड दिसलं की तालुक्याला विचारून करायचं. पण गावात हा फरक कोण करतो? लोक मला डाक्तर म्हणायचे. पहिली दोन-तीन वर्षं मी 'मी डॉक्टर नाही हो' असं सांगून बघितलं, नंतर सोडून दिलं. खरं सांगायचं तर ऐकायला बरं वाटायचं. पुढची चूक त्या बरं वाटण्यातूनच झाली.

दवाखान्याला सगळे 'ढोराचा दवाखाना' म्हणायचे. कुत्रं घेऊन कुणी आलं तर बाकीचे हसायचे. मग हळूहळू यायला लागले. आमच्या भागात घरोघरी धान्य, सरकी, पेंड, आणि जिथं ते तिथं उंदीर. उंदीर मारायला जे आणतात त्याला लोक 'औषध'च म्हणतात. ते औषध उंदरापेक्षा कुत्र्यालाच आधी सापडतं, कारण आपण ते गुळात आणि पिठात मळून चवदार करून ठेवतो.

माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा : पाकीट कुठंय? कारण सगळी विषं सारखी नसतात. काळी पूड पोटात गेली की तिचा वायू होतो आणि काही तासांतच जनावर तडफडायला लागतं. त्याच्या उलटीचा वाससुद्धा माणसाला बाधतो. ट्यूबमधली पेस्ट दिवस-दोन दिवस गप्प बसते आणि मग यकृत पोखरते. आणि निळी किंवा हिरवट वडी असते, तिच्याबद्दल पुढं येईलच. पाकीट असलं की डॉक्टरला कुठं धावायचं ते कळतं. एकदा एकाचा फोन आला, कुत्र्यानं झुरळाचा खडू खाल्ला. मी म्हणालो, "लगेच या, पाकीट आणा." अर्ध्या तासात गडी धापा टाकत आला आणि टेबलावर पाकीट ठेवलं. कुत्रं घरीच होतं. "तुमी पाकीटच आणा म्हनलात ना," असं वर मलाच सुनावलं. ते कुत्रं वाचलं, त्यात माझा काही हात नव्हता. खडू त्यानं नुसता चाटला होता.

आता तांबड्या कुत्र्याचं सांगतो.

बीडला बैठक असली की येताना मी मांजरसुंब्याला उतरून जेवायचो. तिथं अंकुशशेठचा ढाबा होता. माणूस जाडजूड, बोलायला मोठा, पण भाकरी वाढताना हात सैल. एका दुपारी मी जेवत होतो तर अंकुशशेठ समोर येऊन बसले. म्हणाले, "साहेब, आमच्या कुत्र्यानं कोठीतली उंदराची वडी खाल्ली. तीन दिस झाले. म्या भ्यालो अन् साखळीनं बांधून ठिवलं. पर ह्याला तर काहीच न्हाई. भाकर खातंय, भुंकतंय. बघता का जरा?"

तांबडं कुत्रं भट्टीच्या मागं बांधलेलं होतं. माझा उजवा हात शेवभाजीच्या रश्शात भरलेला. उठून हात धुवावा एवढंही माझ्या मनात आलं नाही. डाव्या हातानं मी त्याचं पोट दाबलं, ओठ वर करून हिरडी बघितली. मस्त गुलाबी होती. आजूबाजूला दोन ट्रकवाले मोठ्या आदरानं बघत होते. मी म्हणालो, "पचलं. सोडा मोकळं."

पाकीट कुठंय, हे विचारलं नाही. बाकी सगळ्यांना विचारायचो, इथं नाही विचारलं. तीन दिवस काही झालं नाही म्हणजे पुढं काय होणार, असं वाटलं आणि परत भाकरीवर जाऊन बसलो.

तिसऱ्या दिवशी फोन आला. "साहेब, नाकातून रगत येतंय. पाय सुजलाय. काय करू?" मी लसीकरणावर होतो, दूर होतो. बीडच्या मोठ्या दवाखान्यात न्या म्हणालो. त्यांनी जीप करून नेलं. तिथं पोचल्यावर तासाभरात ते गेलं, एवढंच मला नंतर फोनवर कळलं. अंकुशशेठ दुसरं काही बोलले नाहीत आणि मीही काही विचारलं नाही.

मग मी तालुक्याच्या डॉक्टर मॅडमना, कुणा दुसऱ्याची गोष्ट असावी तसं, विचारलं. त्यांनी नीट समजावलं. रक्त गोठायला अंगात काही द्रव्यं लागतात, ती तयार व्हायला व्हिटॅमिन के लागतं. निळी वडी नेमकं तेच अडवते. पण अंगात आधीचा साठा असतो, तो तीन-चार दिवस पुरतो. तेवढे दिवस जनावर ठणठणीत दिसतं. साठा संपला की एक उडी मारली, कुठं खरचटलं, तरी आतल्या आत रक्त वाहत राहतं. "म्हणून तिसऱ्या दिवशी ठणठणीत दिसणारं कुत्रं बघून कुणी फसू नये," मॅडम म्हणाल्या. "तेव्हाही गोळ्या सुरू केल्या तर वाचतं. मात्र त्याला पळू द्यायचं नाही." मी मान हलवली.

त्यानंतर मांजरसुंब्याला एस.टी. थांबली तरी मी खाली उतरायचो नाही. भूक असली तरी खिडकीला डोकं टेकून झोपेचं सोंग घ्यायचो. याची मला अजून लाज वाटते. आणि तिथंच कधीतरी, गाडीत डुलकी लागलेली असताना, ते कुत्रं पहिल्यांदा स्वप्नात आलं.

वर्षं गेली. निवृत्तीला एक हिवाळा उरला होता. तेव्हा माझा दवाखाना तलवाड्याच्या बाजूला होता. दिवाळी झाली की त्या भागातल्या वस्त्या रिकाम्या होतात. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, ट्रकात भांडीकुंडी, शेळी, कोंबड्या आणि माणसं चढतात आणि सहा महिने घरांना कुलूप लागतं. निघण्याआधीचं शेवटचं काम ठरलेलं असतं. जोंधळ्याच्या पिठात गूळ आणि उंदराचं औषध मळायचं, सुपारीएवढे गोळे करायचे, कोठीच्या मागं ठेवायचे आणि दार ओढून घ्यायचं. मागं ठेवलेलं धान्य परत येईपर्यंत टिकावं म्हणून.

तिथल्या एका वस्तीवर सगळ्या घरांच्या चाव्या सोजरबाईकडं असायच्या. सोजरबाई म्हणजे सत्तरीची, काटक बाई. मुलगा आणि सून तोडीला गेलेले. गुडघे गेले म्हणून ती मागं राहायची. अख्ख्या वस्तीवर सहा महिने ती आणि तिचा कुत्रा चांद्या, दोघंच. चांद्या काळा, कपाळावर पांढरा ठिपका. दर अमावास्येला सकाळी सोजरबाई एकेक कुलूप काढायची, घर झाडायची, चुलीजवळ दिवा लावायची आणि पुन्हा कुलूप घालायची. घर सहा महिने बिनदिव्याचं राहू नये, एवढंच तिचं म्हणणं. आत गोळे ठेवलेले असतात हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्या सकाळी ती चांद्याला लुगड्याच्या पट्टीनं बांधून ठेवायची.

त्या अमावास्येला पट्टी जुनी निघाली.

मी दवाखाना उघडून बसलो होतो, तेवढ्यात दूधवाल्याची मोटारसायकल आली. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, मधे दूधवाला, मागं सोजरबाई आणि तिच्या मांडीवर वाकळीत गुंडाळलेला चांद्या. वाकळीतून नुसतं तोंड बाहेर होतं आणि ते तोंड मोठ्या मजेत इकडंतिकडं बघत होतं.

"डाक्तर, बघा की ओ. चांद्यानं आमच्या कांताच्या घरात उंदराचं औषध खाल्लं," सोजरबाई म्हणाली. कांता म्हणजे तिच्या पुतण्याची बायको.

"कधी?"

"ह्यो दूधवाला यायच्या जरा आगूदर. म्या झाडायला वाकले अन् हे कोठीमागं चाटतंय."

म्हणजे तासभर झाला होता. मी विचारलं, "घरी काही पाजलं का?"

"तूप."

"किती?"

"व्हतं तेवढं. सुनंनं थंडीपायी कढवून ठिवलतं, तांब्याभर."

मी भडकलो. माझा स्वभावच तसा आहे. "मावशी, तूप, तेल, दूध, मिठाचं पाणी, काही म्हणजे काही पाजायचं नसतं! काही विषं तुपादुधाबरोबर जास्तच भिनतात. मिठाच्या पाण्यानं वेगळंच दुखणं होतं. जनावर उचलायचं आणि दवाखान्यात आणायचं, बस!"

तिनं खालमानेनं ऐकून घेतलं. म्हणाली, "चुकलं. आता पुढचं बघा." मग मला दिसलं की हिवाळाभर पुरवायचं तूप तिनं एका दमात कुत्र्याला पाजलं होतं. मी आवाज खाली आणला.

"विष कुठलं होतं? पाकीट आहे?"

"पाकीट न्हाई. पर हे हाय." तिनं पदराची गाठ सोडली. आत एका फडक्यात राहिलेले तीन गोळे होते. शिकल्यासवरलेल्या लोकांना जे सुचत नाही ते तिला सुचलं होतं. मी तिला आधी साबणानं हात धुवायला लावले आणि गोळा काडीनं फोडून बघितला. गुळामुळं सगळा काळाकुट्ट. पूड होती की वडी, काही कळेना.

मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "काळी पूड आहे असंच धरून चाला. खोलीत काही करू नका. उघड्यावर घ्या, वारा पाठीकडून येईल असे उभे राहा. शुद्धीत आहे ना? झटके नाहीत? मग मी सांगते तेवढं उलटीचं इंजेक्शन द्या, नंतर विष शोषून घेणारी कोळशाची पूड. आणि घरात काय वापरलं होतं ते शोधून काढा. पुढचा सगळा उपचार त्यावर ठरेल."

दवाखान्यामागच्या लिंबाखाली आम्ही चांद्याला नेलं. दोनदा उलटी झाली. तूप आलं, गोळ्यांचे तुकडे आले. सोजरबाई त्याचं डोकं धरायला पुढं होत होती, मी तिला हातानं मागं सारत होतो. शेवटी ती लांबूनच त्याच्याशी बोलायला लागली, "आरं माझ्या लेकरा, झालं, झालं," असं हळूहळू, झोपवताना बोलतात तसं. चांद्या कान पाडून बसला. त्याला बहुतेक शरम वाटत होती.

आता कांताला गाठायचं. तिच्याकडं फोन नव्हता, नंबर टोळीच्या मुकादमाचा होता. सहाव्यांदा उचलला. "कोन बे? फडात हाय आमी!" मी सगळं सांगितल्यावर आवाज उतरला आणि कांताला बोलावणं गेलं. मी फोनचा आवाज मोठा करून सोजरबाईपुढं धरला. पलीकडून उसावर पडणाऱ्या कोयत्यांचे आवाज येत होते.

"कांते, कोठीमागं काय ठिवलंय गं? काळं का निळं?"

"कावून ओ मामी? कोन गेलं आत?"

"चांद्या."

मग कांता रडायलाच लागली. "निळ्या वड्या व्हत्या मामी. कुटून गुळात मळल्या. तुमाला सांगूनशान गेलते की ओ. माज्या हातची भाकर खायचं ते, अन् माज्याच हातचं..."

काळी पूड नव्हती, म्हणजे चांद्या आज जाणार नव्हता. निळी वडी होती, म्हणजे आज गेला नाही याला काही अर्थ नव्हता. उलटीत किती निघालं आणि पोटात किती राहिलं हे कोण सांगणार? मॅडमनी गोळ्या सांगितल्या, व्हिटॅमिन के एकच्या, रोज न चुकता महिनाभर. त्या बीडला माणसांच्या औषधाच्या दुकानातच मिळाल्या. दूधवाल्यानं संध्याकाळच्या फेरीला आणून दिल्या. गंमत अशी की ही गोळी थोड्या स्निग्ध खाण्यातून दिली तर चांगली लागू पडते, आणि तूप तर सगळं संपलेलं. दुसऱ्या दिवशी आमच्या घरून वाटीभर तूप गेलं. बायको म्हणाली, "मला कधी एवढं वाढलं नाहीत."

चौथ्या दिवशी मी स्वतःच वस्तीवर गेलो. तो रस्ता मला अजून झोपेत दिसतो. दोन्ही बाजूंना जोंधळा, माणूस नाही, बैल नाही, आवाज नाही. मग एकदम वस्ती, ओळीनं दारं आणि प्रत्येक दाराला कुलूप. प्रत्येक उंबऱ्यावर मात्र पाण्याचा सडा. सोजरबाई रोज सगळ्यांच्या दारात सडा टाकायची. वाटावं, लोक आत दुपारचे निजलेत आणि आता एकेक दार उघडेल. आणि त्या सगळ्या दारांवरून चांद्या एका खारीच्या मागं धावत होता.

मी लांबूनच विचारलं, "मावशी, गोळ्या?"

तिनं पाकीट आणलं. दोनच गोळ्या कमी झाल्या होत्या.

"चांगलं झालंय की ते. खातंय, पितंय. मंग कावून पाजायच्या? कडू हायत, थुकतंय."

मी तोंड उघडलं ते ओरडायलाच. पण ओरडू शकलो नाही. खाली बसलो आणि तिला ढाब्यावरच्या कुत्र्याची गोष्ट सांगितली. रश्शानं भरलेला हात, गुलाबी हिरडी, 'पचलं, सोडा मोकळं', नाकातलं रक्त, आणि मी एस.टी.तून उतरत नाही ते, सगळं. तोवर मी ती गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती, बायकोलासुद्धा नाही. का कुणास ठाऊक, त्या कुलपांच्या वस्तीत ती सांगता आली.

सगळं ऐकून झाल्यावर सोजरबाई गुडघ्यावर हात टेकून उठली, चांद्याला हाक मारून सावलीत बांधलं, यावेळी नव्या दोरीनं. भाकरीच्या तुकड्यात तूप घातलं, त्यात गोळी दाबली, आणि त्याच्या जिभेच्या पार मागं सारून तोंड मिटून धरलं. मग घरातून एका वाटीत सरकी आणली. "किती दिस म्हनलात?" मी तीस म्हणालो. तिनं माझ्याकडूनच तीस दाणे मोजून घेतले. रोज गोळी दिली की एक दाणा तिच्या दारातल्या शेळीला. चुकलेले दिवस मॅडमनी नंतर वाढवून दिले, तेवढे दाणे मी पुढच्या फेरीला वाटीत टाकले.

त्या महिन्यात मी किती वेळा वस्तीवर गेलो याचा हिशोब नाही. रोज सकाळी चांद्याची हिरडी बघायची, कुठं निळा डाग नाही ना, शी काळी नाही ना, ते सोजरबाई शिकली. दूधवाल्याच्या फोनवरून मला सांगायची, "लाल हाय. डाग न्हाई. शी बरी हाय." फडातून कांताही दर दोन दिवसांनी मुकादमाच्या फोनवरून विचारायची. मुकादम वैतागून म्हणाला, "डाक्तर, हितं टोळीत मानसं आजारी पडत्यात, त्यांची एवढी चवकशी व्हत न्हाई."

वाटी रिकामी झाली. गोळ्या थांबवून दोन दिवसांनी रक्त गोठतंय का ते बघायचं, असं मॅडमनी सांगितलं होतं. ती खरी परीक्षा होती. गोठलं तर सुटला, नाही गोठलं तर पुन्हा पहिल्यापासून, आणि वेळेवर कळलं नसतं तर काय झालं असतं ते मी बघितलं होतं. मी काचेच्या नळीत चांद्याचं थोडं रक्त घेतलं, जखमेवर बोट दाबून धरलं आणि नळी मुठीत धरून सोजरबाईच्या दारात बसलो. नळीला अंगाची ऊब लागते. थोड्या थोड्या वेळानं तिरकी करून बघायची.

ऊन कोवळं होतं. चांद्या पायाशी पडलेला. पहिल्यांदा नळी तिरकी केली, रक्त पाण्यागत हललं. थोड्या वेळानं पुन्हा बघितलं, तसंच. सोजरबाई नळीकडं बघत नव्हती, समोरच्या कुलपांकडं बघत होती.

तिनं विचारलं, "डाक्तर, त्या ढाब्यावरच्या कुत्र्याचं नाव काय व्हतं?"

एवढी वर्षं ते स्वप्नात येत होतं आणि मी कधी कुणाला त्याचं नाव विचारलं नव्हतं. "माहीत नाही," मी म्हणालो.

"इचारायचं की," ती म्हणाली. एवढंच. त्यात बोल लावणं नव्हतं. पाहुणा जेवून का गेला नाही असं विचारावं, तसा सूर होता.

मी नळी पुन्हा तिरकी केली. रक्त हललं नाही. उलटी केली, तरी हललं नाही. तळाशी घट्ट बसलं होतं. मी नळी सोजरबाईच्या हातात दिली. ती नळी तिनं कपाळाला लावली आणि मग पदर तोंडाला लावून रडली. माझेही डोळे भरले. चांद्यानं उठून आळस दिला आणि खार कुठं दिसते का ते बघायला निघाला. सोडलं त्याला.

वैशाखात ट्रक परत आले, तेव्हा दूधवाला सांगत होता, कांता घरात शिरायच्या आधी चांद्याजवळ बसली म्हणून. तोवर मी निवृत्त झालो होतो.

मांजरसुंब्याला जायला मात्र मला आणखी सहा महिने लागले. एका दुपारी बीडहून येताना मुद्दाम वाट वाकडी केली, एस.टी. थांबली आणि मी उतरलो. रस्ता रुंद झालेला, ढाबा मागं सरकलेला, वर नवे पत्रे. अंकुशशेठ अर्धे झाले होते. मला वाटलं ओळखणार नाहीत. त्यांनी लांबूनच हात वर केला, "या साहेब. लई दिसांनी."

बसलो. हात धुतले. शेवभाजी आली, पण घास उचलेना. मी विचारून टाकलं, "अंकुशशेठ, तुमच्या त्या तांबड्या कुत्र्याचं नाव काय होतं हो?"

ते हसले. "शिरपत. आमचा शिरपत नावाचा आचारी व्हता, एक दिवस न सांगता पळाला. त्याच दिवशी हे एका ट्रकातून उतरलं अन् भट्टीपशी जाऊन बसलं. म्हनलं, चला, एक शिरपत गेला, दुसरा आला." मग म्हणाले, "तुमी सोडा म्हनलात तवा तीन दिस लई हुंदडलं बघा. साखळीनं कंटाळलं व्हतं. ट्रकामागं काय पळायचं, काय उड्या मारायचं."

ते हुंदडणंच त्याला नडलं, हे मला माहीत होतं. सांगायचं नाही असंही मनात येऊन गेलं. पण मग इथवर आलो कशाला? मी म्हणालो, "शेठ, त्याला पळू द्यायचं नव्हतं. बांधूनच ठेवायचं होतं आणि गोळ्या द्यायच्या होत्या. वाचलं असतं. माझी चूक झाली. मी न बघता बोललो."

अंकुशशेठनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. गरम होती, तव्यावरची.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "बीडच्या डाक्तरानं तवाच सांगितलं. तुमाला शिव्या द्याव्या का दुवा द्यावी, मला आजपतोर उमगलं न्हाई. तीन दिस तर मजेत गेले त्याचे. पर तुमी यायचंच सोडलं, ते बरं न्हाई केलं. जेवा आता."

मी जेवलो. सगळं जेवलो.

परवा दुपारी बाजेवर पडलो होतो. वारा होता, रानातला कापूस हलत होता. गाई आल्या, शेळ्या आल्या, शिंग मोडलेला बैल आला. सगळ्यांच्या शेवटी ते तांबडं कुत्रं आलं आणि उंबऱ्याबाहेर बसलं. मी म्हणालो, "शिरपत." त्यानं कान टवकारले, उंबरा ओलांडला आणि बाजेखाली येऊन अंग टाकलं. बायकोनं चहाला दोनदा हाक मारली म्हणे. मी उठलो नाही.